तिसरी चढाई, शेवटचा यार्ड आणि माझी चाळीस पानं

माझ्या प्रबंधाच्या तिसऱ्या प्रकरणातली चाळीस पानं मी मागच्या महिन्यात काढून टाकली. अगदी डिलीट करायचं धाडस झालं नाही. ‘जुनं, वापरू नये’ अशा नावाच्या फोल्डरमध्ये सरकवली. त्या पानांमागे दीड वर्ष होतं. प्रो कबड्डीच्या सामन्यांची रेकॉर्डिंग थांबवत थांबवत पाहायची आणि प्रत्येक तिसरी चढाई टिपायची. कोण आलं, समोर किती जण होते, गुण मिळाला की पकड झाली, सगळं एक्सेलमध्ये भरायचं. घरातल्यांना वाटायचं, हिला पीएचडीच्या नावाखाली मॅच बघायला मिळतात. थोडं खरंही होतं.

मग प्रगती-अहवालाच्या बैठकीत बाहेरून आलेल्या एका सदस्यांनी एकच प्रश्न विचारला. “या चढाया तुमच्या तक्त्यात आल्या कशा?” मी म्हटलं, रेकॉर्डिंग पाहून. ते हसले. “ते नाही विचारत. चढाईपटूने त्या क्षणी ती चाल निवडली, म्हणून ती तक्त्यात आली. जी त्याने निवडली नाही, तिचं काय झालं असतं हे तुमच्या तक्त्यात कुठे आहे?”

कुठेच नव्हतं. तुमच्यापैकी बरेच जण आत्ता पेटची किंवा नेटची तयारी करत असतील, कुणी संशोधन-प्रस्ताव लिहायला घेतला असेल. हा प्रश्न तुम्हालाही कधीतरी विचारला जाणार आहे, विषय शेतीचा असो, शाळागळतीचा असो की कबड्डीचा. म्हणून माझी फजिती जरा सविस्तर सांगते. आणि ज्या अभ्यासांवरून मी ती कल्पना उचलली, त्यांचीही झाडाझडती घेते, कारण चूक सगळी माझी एकटीची नव्हती.

आधी कबड्डी. शाळेत खेळलेल्यांनाही प्रो कबड्डीचे काही नियम नवे वाटतील, म्हणून थोडक्यात. चढाई ३० सेकंदांची. चढाईपटू गुण न घेता आणि बाद न होता परत आला, तर ती रिकामी चढाई. एखाद्या संघाच्या लागोपाठ दोन चढाया रिकाम्या गेल्या, की त्याची तिसरी चढाई ‘डू ऑर डाय’ ठरते. गुण आणला तर ठीक, नाहीतर चढाईपटू बाद आणि समोरच्याला गुण. समोर सहा किंवा सात बचावपटू असतील तर बोनस रेषा जिवंत असते. पाच किंवा कमी असतील तर बोनस नाही. तीन किंवा कमी उरले असतील आणि त्यांनी पकड केली, तर ती अव्वल पकड, तिचे दोन गुण.

आता मॅट डोळ्यासमोर आणा. पुरुषांचं मैदान १३ मीटर बाय १० मीटर, म्हणजे प्रत्येकाच्या अंगणाची खोली साडेसहा मीटर. मध्यरेषेपासून ३.७५ मीटरवर निदान रेषा, तिच्यापुढे एक मीटरवर बोनस रेषा. बोनस रेषेच्या मागे अंतिम रेषेपर्यंत फक्त १.७५ मीटर उरतात. दोन्ही बाजूंच्या एकेक मीटरच्या लॉबी स्पर्श होईपर्यंत वापरता येत नाहीत, त्यामुळे रुंदीही आठ मीटरच धरा. तिसऱ्या चढाईत या एवढ्याशा जागेत सगळ्यांना सगळं माहीत असतं: याला आज काहीतरी घेऊनच जायचंय. रिकामं परत जाण्याचा रस्ता बंद. बालेवाडीच्या बॅडमिंटन हॉलमध्ये बसून अशी चढाई पाहिली असेल तर तिथला आवाज कसा बदलतो हे वेगळं सांगायला नको. २९ डिसेंबर २०२४ ला अकराव्या मोसमाचा अंतिम सामना तिथेच झाला. हरियाणा स्टीलर्सने पाटणा पायरेट्सला ३२-२३ असं हरवलं. पुणेरी पलटण त्या सामन्यात नव्हती, तरी हॉलमधला आवाज कमी झाला नसेल, याची मला खात्री आहे.

आता माझी चूक जिथून उसनी आणली तिथे जाऊ: अमेरिकन फुटबॉल. (हा खेळ पुण्याला अगदीच परका नाही बरं का. एलिट फुटबॉल लीग ऑफ इंडियात ‘पुणे मराठाज’ नावाचा संघ होता, आणि लीगच्या पहिल्या मोसमाचे सामने २०१२ मध्ये कोलंबोत झाले. आज तो कुणाला आठवतो, हा भाग वेगळा.) त्यात आक्रमक संघाला दहा यार्ड पुढे सरकायला चार प्रयत्न मिळतात, त्यांना डाउन म्हणतात. गोललाइन ओलांडली की टचडाउन, सहा गुण, वर एक जादा किक. प्रत्येक प्रयत्नाआधी प्रशिक्षक चाल ठरवतो. ढोबळमानाने दोन प्रकार: चेंडू हातात घेऊन पळायचं, किंवा पुढे फेकायचा.

‘स्प्रेड ऑफेन्स’ ही त्यातली एक आक्रमणशैली. तीन-चार रिसीव्हर मैदानाच्या रुंदीभर पसरवून उभे करायचे, म्हणजे त्यांच्यामागे बचावपटूही पसरतात आणि मधे फटी पडतात. कुणी खोल पळतो, कुणी आखूड, कुणी आडवा. बचावाला सगळीकडे लक्ष ठेवावं लागतं. पण गोललाइनजवळ आलं की या शैलीची पंचाईत होते. गोललाइनच्या मागे एंड झोनचे दहाच यार्ड असतात. एक यार्ड बाकी असताना खोल पळणार कुठे? त्यामुळे जो बचावपटू एरवी मागे राखणीला थांबतो, तो निर्धास्तपणे पुढे येतो. मैदानाची खोली संपलेली असते, रुंदी मात्र तेवढीच, सव्वात्रेपन्न यार्डांच्या आसपास. म्हणून तिथे आडव्या चाली चालतात: एका रिसीव्हरच्या आडून दुसऱ्याने आत शिरायचं, कोपऱ्यात उंच चेंडू टाकायचा, किंवा क्वार्टरबॅकनेच घेऊन घुसायचं. शेवटच्या प्रकारात फायदा असा, की एरवी फेकून बाजूला होणारा माणूसच पळतो, त्यामुळे वाट करून द्यायला एक माणूस जास्त मिळतो.

मला वाटलं, हीच तर तिसरी चढाई! जागा आवळलेली, पर्याय मोजके, निकाल हो की नाही एवढाच. साम्य आहेच. एक फरक मात्र मी तेव्हा पाहिला नाही. गोललाइनजवळ मैदानाचा शेवट बचावाच्या मदतीला येतो, कारण आक्रमणाला पुढे जागा नसते. कबड्डीत मैदानाचा शेवट बचावपटूच्या पाठीशी असतो, पण तो त्याचा शत्रू असतो. पाय अंतिम रेषेबाहेर पडला की तो बाद. सात जण असतील तर साखळी दाट, पण मागे सरकायला पावणेदोन मीटर. एक रूपक सापडलं की आपण त्याच्या प्रेमात पडतो आणि ते कुठे फाटतं हे बघायचं विसरतो. माझं फाटत होतं ते इथे, पण हे भोक तरी लहान होतं. मोठं पुढे आहे.

गोललाइनवरच्या निवडीचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण म्हणजे १ फेब्रुवारी २०१५ चा सुपर बोल. सिॲटल सीहॉक्स चार गुणांनी मागे, २६ सेकंद बाकी, दुसरा डाउन, चेंडू एक यार्डावर. संघात मार्शॉन लिंच, धडका मारत पळण्यात लीगमधल्या सर्वोत्तमांपैकी एक. आधीच्याच चालीत त्याने चेंडू एक यार्डापर्यंत आणला होता. प्रशिक्षक पीट कॅरल यांनी पास निवडला. रसेल विल्सनने रिकार्डो लॉकेटकडे आखूड फेकलेला चेंडू न्यू इंग्लंडच्या माल्कम बटलरने मधेच पकडला. सामना २८-२४ असा गेला.

दुसऱ्या दिवसापासून एकच सूर: इतिहासातला सर्वांत मूर्ख निर्णय, लिंचला द्यायला हवा होता. हा पहिला दोष तुम्ही पटकन ओळखाल. निकाल वाईट म्हणून निर्णय वाईट. परीक्षेत प्रश्न आला तर सगळे बरोबर उत्तर लिहितील आणि संध्याकाळी भारत हरला की कप्तानाला तीच शिवी देतील.

मला जास्त रस आहे तो दुसऱ्या बाजूत, कॅरल यांची पाठराखण करणाऱ्या आकडेवाल्यांत. त्यांचे मुद्दे दोन. पहिला घड्याळाचा, आणि तो पक्का आहे. सिॲटलकडे एकच टाइम-आउट होता. पळायची चाल फसली तर घड्याळ चालू राहतं, पास जमिनीवर पडला तर थांबतं. २६ सेकंदांत तिन्ही उरलेले प्रयत्न वापरायचे असतील, तर त्यातला एखादा तरी पास असणं जवळजवळ भागच होतं. दुसरा मुद्दा असा, की त्या मोसमात तोवर एक यार्डावरून शंभराहून जास्त पास फेकले गेले होते आणि एकही मधे पकडला गेला नव्हता. लिंचचा मात्र एक यार्डावरचा हिशोब त्या मोसमात फारसा चांगला नव्हता. म्हणजे पास सुरक्षित. सिद्ध.

नाही, सिद्ध नाही. ते शंभर पास कुठल्या बचावासमोर फेकले गेले? ज्या प्रशिक्षकाला समोर पळण्यासाठी रचलेला बचाव दिसला, त्याने पास निवडला असेल. ज्याला पाससाठी रचलेला दिसला, त्याने निवडला नसेल, आणि त्याचा न फेकलेला पास त्या शंभरात नाही. लिंचचे प्रयत्नही तसेच. सगळ्या जगाला माहीत असायचं की चेंडू लिंचकडे जाणार, म्हणून बचाव दाटीवाटीने उभा राहायचा, म्हणून त्याचा टक्का कमी. ते आकडे लिंच किती चांगला हे सांगत नाहीत. लिंचला किती जण घाबरत होते तेही त्यात मिसळलेलं असतं. बैठकीत मला विचारलेला प्रश्न हाच. चाल तक्त्यात आली कशी?

हे नुसतं म्हणून पटत नाही, निदान मला पटलं नव्हतं. म्हणून एक छोटा हिशोब करू. आकडे बनावट आहेत, फक्त हिशोबासाठी. कागद घ्या.

तिसरी चढाई, समोर सात जण. चढाईपटूकडे दोन पर्याय: बोनस घ्यायचा किंवा कोपऱ्याला हाताने टिपायचं. कोपरारक्षकाकडे दोन: झडप घालायला पुढे यायचं किंवा मागे थांबायचं. समजा बोनसचा प्रयत्न पुढे येणाऱ्या कोपऱ्यासमोर १०० पैकी ४० वेळा यशस्वी होतो, थांबणाऱ्यासमोर ७० वेळा. हाताचा प्रयत्न पुढे येणाऱ्यासमोर ६० वेळा, थांबणाऱ्यासमोर ३० वेळा. दोघंही हुशार आहेत आणि कुणी ओळखू येईल असं खेळत नाही. तर कोपऱ्याने किती वेळा पुढे यावं? इतकं, की चढाईपटूला दोन्ही पर्याय सारखेच वाटावेत. गणित केलंत तर तीनपैकी दोन वेळा. चढाईपटूने दोन्ही पर्याय निम्मे-निम्मे वापरावेत. दोन्हींचं यश तेव्हा ५० टक्के येतं.

आता हा चढाईपटू उन्हाळाभर एकच गोष्ट घोटतो: झडप घालणाऱ्या कोपऱ्याला चुकवून त्यालाच हात लावायचा. त्या एका चौकटीतला आकडा ६० चा ८० होतो, बाकी तीन तसेच. पुन्हा गणित करा. कोपरा आता निम्म्या वेळाच पुढे येतो, कारण पुढे येणं महाग पडायला लागलंय. चढाईपटू हाताचा प्रयत्न आठपैकी तीन वेळा करतो, आधी आठपैकी चार वेळा करत होता. आणि दोन्ही पर्यायांचं यश ५५ टक्के.

थांबा, हे परत वाचा. हात सुधारला, तर हात कमी वापरला. बोनसचा सराव केलाच नाही, तरी बोनसचं यश पाचाने वाढलं. आता बाहेरून फक्त तक्ता पाहणारी संशोधक, म्हणजे मी, काय लिहील? ‘या मोसमात त्याच्या बोनस-कौशल्यात लक्षणीय सुधारणा दिसते, हाताच्या कौशल्यावरचा त्याचा विश्वास कमी झालेला दिसतो.’ मी जवळजवळ याच शब्दांत लिहिलं होतं. तीन जागी.

सिॲटलला हे लावून बघा. लिंच जितका धोकादायक, तितका समोरचा बचाव त्याच्यासाठी दाट, तितका पास मोकळा. पास निवडणं हा लिंचवरचा अविश्वास असेलच असं नाही. लिंचच्या दबदब्याची ती वसुली असू शकते. आणि तरीही कॅरल यांच्यावर टीका करायला जागा आहे, पण ती वेगळ्या ठिकाणी. बटलरने नंतर सांगितलं, की सरावात याच चालीवर तो उशिरा पोचून चुकला होता. म्हणजे न्यू इंग्लंडने ती रचना ओळखली होती, तिचा सराव केला होता. रिसीव्हर एकामागे एक उभे राहिले की काय येणार, हे समोरच्याला आधीच माहीत होतं. पास निवडणं चूक ठरवता येणार नाही. ओळखीची रचना घेऊन तो पास निवडणं ही चूक ठरवता येईल. सामन्यानंतरच्या गदारोळात यावर फार कमी जण बोलले, कारण त्याला एक आकडा पुरत नाही.

आता अभ्यासांकडे. या क्षेत्रात येणारा प्रत्येक जण तीन लेखांपासून सुरुवात करतो, तुम्हीही कराल. डेव्हिड रोमर यांचा २००६ चा लेख मला अजूनही आवडतो. त्यांचं उदाहरण गोललाइनजवळचंच आहे. सामना नुकताच सुरू झालाय, चौथा डाउन, दोन यार्ड बाकी. किक मारली तर तीन गुण जवळजवळ नक्की. टचडाउनचा प्रयत्न केला तर सात गुणांची शक्यता साधारण सातात तीन. दोन्हींची सरासरी तीनच. मग किक का नको? कारण प्रयत्न फसला तरी समोरचा संघ स्वतःच्या गोललाइनला चिकटून, अगदी वाईट जागेवर सुरुवात करतो. तो फायदा किकमध्ये नाही. तरी संघ किक मारत राहतात. मांडणी सुंदर. पण अडचण बघा: चौथ्या डाउनला संघ प्रयत्न करतच नव्हते, तर यशाचा टक्का आणायचा कुठून? रोमर यांनी तिसऱ्या डाउनचे प्रयत्न वापरले. हुशारीची पळवाट, आणि त्यांनी ती लपवली नाही, तिच्यावर पानं खर्च केली. तरी तिसऱ्या डाउनला आक्रमणाच्या हातात अजून एक संधी असते आणि बचावालाही ते माहीत असतं. चौथ्याला दोघांचं वागणं तेच राहील, हे मानून चालावं लागतं. मी हा लेख पहिल्यांदा वाचला तेव्हा निष्कर्ष अधोरेखित केले होते. आता पेन्सिल त्या गृहीतकांच्या पानांवर आहे.

पालासिओस-वेर्ता यांचा २००३ चा लेख फुटबॉलच्या, आपल्या ओळखीच्या फुटबॉलच्या, पेनल्टी किकवर आहे. १४१७ पेनल्टी. डावीकडे मारा की उजवीकडे, यशाचं प्रमाण सारखंच निघालं, आणि खेळाडू ओळखू येईल अशा क्रमाने बाजू बदलत नव्हते. म्हणजे वर आपण केलं तसंच गणित खेळाडू नकळत जगतात. उलट कोवाश आणि लेविट यांनी २००९ मध्ये अमेरिकन फुटबॉलच्या चाली तपासल्या आणि म्हटलं, इथे तसं दिसत नाही: संघ पास कमी खेळतात, आणि एक चाल झाली की पुढच्या वेळी दुसरी, असं अपेक्षेपेक्षा जास्त वेळा बदलतात. म्हणजे ओळखू येतात. दोन लेखांची भांडणं लावायचा मोह मलाही झाला. पण पेनल्टीत मारणारा आणि गोलरक्षक जवळजवळ एकाच क्षणी ठरवतात. एक चेंडू, एक निर्णय. अमेरिकन फुटबॉलच्या चालीत बावीस जण असतात आणि चाल सुरू झाल्यावरही निर्णय चालूच असतो. दोन्हीकडे एकच कसोटी लावून एक पास, दुसरा नापास म्हणणं मला आता घाईचं वाटतं.

आणि इथेच स्प्रेड ऑफेन्स आकडेवाल्यांना खरा चकवा देतो. या शैलीत अशी चाल असते की तिच्यात पळणं आणि फेकणं दोन्ही दडलेलं असतं. क्वार्टरबॅक चेंडू घेतो, एका ठरावीक बचावपटूवर नजर ठेवतो. तो आत धावला तर चेंडू स्वतःकडे ठेवून बाहेर पळायचं किंवा त्याने सोडलेल्या जागेत फेकायचं. तो थांबला तर धावणाऱ्याच्या हातात द्यायचं. प्रशिक्षकाने सांगितलेली चाल एकच. तक्त्यात मात्र ती कधी ‘धाव’ म्हणून येते, कधी ‘पास’ म्हणून. मग ‘गोललाइनजवळ स्प्रेड संघांनी धावावं की फेकावं’ या प्रश्नाला तक्त्यातून उत्तर कसं निघेल? ते लेबल निवडीचं नाहीच. निवडीनंतर बचावाने काय केलं, याची ती सावली आहे.

कबड्डीत तर हे जवळजवळ प्रत्येक चढाईत होतं. चढाईपटू आत येतो तेव्हा बोनस की हात, हे त्याच्या मनात पक्कं नसतं. तो एक पाऊल बोनसकडे टाकतो, कोपरा हलतो का बघतो, हलला तर हात, नाही हलला तर पाय पलीकडे. माझ्या तक्त्यात मात्र ‘प्रयत्नाचा प्रकार’ असा एक स्तंभ होता, आणि मी त्यात ‘बोनस’ किंवा ‘हात’ भरत होते. म्हणजे मी निवड म्हणून जे मोजत होते, त्यातला अर्धा भाग कोपऱ्याचा होता. वर मी केलेला तो नेटका हिशोबही इथे लंगडा पडतो, हे मान्य करायला हवं. त्यात दोघं एकाच वेळी ठरवतात. खरी चढाई म्हणजे ३० सेकंदांचं एकमेकांना वाचणं.

आता ते चाळीस पानांतलं मोठं भोक. माझा मुख्य निष्कर्ष होता, की तिसऱ्या चढाईत चढाईपटू साध्या चढाईपेक्षा वाईट खेळतात, आणि कारण म्हणजे दडपण. आकडे इथे देत नाही. ते चुकीच्या प्रश्नाचे आकडे आहेत. तुलना मी अशी केली: साध्या चढायांपैकी रिकाम्या वगळल्या, उरलेल्यांत गुण किती आणि पकडी किती ते पाहिलं, तेच तिसऱ्या चढाईत पाहिलं. दिसायला न्याय्य. पण साध्या चढाईत चढाईपटू संधी दिसली तर हल्ला करतो आणि नाही दिसली तर परत फिरतो. परत फिरलेल्या सगळ्या अवघड चढाया मी ‘रिकाम्या’ म्हणून वगळल्या. उरल्या त्या सोप्या. तिसऱ्या चढाईत परत फिरण्याची मुभाच नाही, त्यामुळे सोप्या-अवघड सगळ्याच मोजल्या गेल्या. दडपण शून्य असतं तरी माझ्या तक्त्यात तिसरी चढाई वाईटच दिसली असती. दडपण असेलही, माझी पद्धत ते पाहूच शकत नव्हती.

त्यात आणखी भर. तिसरी चढाई कुणाला मिळते? एक तर ज्या संघाच्या दोन चढाया भक्कम बचावासमोर वाया गेल्या त्याला. किंवा जो पुढे आहे आणि मुद्दाम घड्याळ खातोय त्याला. दुसऱ्या प्रकारात संघ ठरवून दोन चढाया रिकाम्या घालवतो आणि तिसरीसाठी ठरलेला माणूस पाठवतो. या दोन तिसऱ्या चढाया नावाने एक, जातीने वेगळ्या. मी दोन्ही एकाच ढिगात टाकल्या होत्या. पुणेरी पलटणने दहावा मोसम जिंकला तो अंतिम सामना आठवा, १ मार्च २०२४, हैदराबाद, हरियाणाविरुद्ध २८-२५. इतक्या कमी गुणांच्या सामन्यात घाईने चढाई करायची की थांबायचं, हाच मोठा निर्णय असतो. माझ्या तक्त्यात ‘थांबणं’ हा निर्णय नव्हताच. रिकामी चढाई म्हणजे काही न घडलेली चढाई, असं मी धरून चालले होते.

आता काय करतेय ते सांगते, कारण ‘चुकलं’ म्हणून बैठकीतून उठता येत नाही, पुढच्या सहामाहीला काहीतरी दाखवावं लागतं. तक्ता नव्याने भरायला घेतलाय. ‘प्रयत्नाचा प्रकार’ हा स्तंभ काढला. त्याऐवजी चढाईपटू निदान रेषा ओलांडतो त्या क्षणी दोन्ही कोपरे कुठे उभे आहेत, ते टिपते. तोवर बचावाची निवड थोडीफार दिसते आणि निकाल अजून ठरलेला नसतो. रिकाम्या चढाया आता वगळत नाही. त्यांत चढाईपटू किती सेकंदांनी परत फिरला ते लिहिते. गुणफरक, उरलेला वेळ, समोरचे खेळाडू, आणि आधीच्या दोन रिकाम्या चढायांत खरंच प्रयत्न झाला होता का, हे वेगळ्या स्तंभांत. शेवटचा स्तंभ सगळ्यात वेळखाऊ आहे. एखादा चढाईपटू मध्यरेषेजवळ नुसता पाय हलवत वेळ काढतोय की संधी शोधतोय, हे ठरवायला मी आणि माझी एक मैत्रीण दोघी वेगवेगळ्या बसून तीच चढाई पाहतो आणि मग जुळवतो. बऱ्याचदा जुळत नाही. ती शाळेत असताना जिल्हा पातळीवर कोपरा खेळलेली. परवा एका चढाईवर ती म्हणाली, “अगं, हा घाबरलेला नाही, हा त्या कोपऱ्याला झोपवतोय.” मी तीच चढाई चार वेळा पाहून ‘प्रयत्न नाही’ असं लिहिलं होतं. रकान्यात सध्या प्रश्नचिन्ह टाकून ठेवलंय.